परसातून पेल्यात: कोकणातल्या फुला-पानांची कॉकटेल्स

कोकणातल्या बहुतेक परसांत कॉकटेलचं सामान आधीच उभं असतं. विहिरीच्या कडेला गवती चहाचं थोंब, कुंपणावर चढलेली गोकर्ण, पुढच्या अंगणात लाल जास्वंद, कुंडीत पानओवा, मागे दालचिनीचं एखादं झाड आणि त्याच्या पलीकडे रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड. बाजारातून आणायचं ते फक्त जिन, रम किंवा व्होडका, सोडा आणि लिंबं.

मात्र फूल नुसतं ग्लासाच्या कडेला खोवलं तर फोटो चांगला येतो आणि पेय तसंच राहतं. फुला-पानाचा गुण पेयात उतरवावा लागतो, आणि प्रत्येक झाड तो आपल्या रीतीने देतं. गवती चहाला उकळी लागते. मोगऱ्याचा वास उकळीने उडून जातो. गोकर्णीला नुसती जिन पुरते, पुदिन्याला तळहाताचा एक फटका. कुठल्या झाडाला काय लागतं हे कळलं की कृती पाठ कराव्या लागत नाहीत. त्या दिवशी परसात जे असेल त्यावर काम भागतं. म्हणून या लेखात पेल्यांच्या कृती शेवटी आहेत आणि झाडं आधी.

कायद्याचं आधी बोलून घेऊ. महाराष्ट्रात जिन, रम, व्होडका यांसारख्या कडक दारूसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. सोबत परमिट लागतं. ते परवाना असलेल्या दुकानात एका दिवसाचंही मिळतं. गोव्यात स्वस्त पडते म्हणून परमिटशिवाय बाटल्या घेऊन महाराष्ट्रात येणं हा गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. गावात चोरून काढलेली, परवाना नसलेली दारू कोणी प्रेमाने दिली तरी वापरू नका. तिच्यात मिथेनॉल असलं तर ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही, आणि त्याने डोळे जातात, जीवही जातो.

पहिली पायरी: काय तोडायचं आणि कशाला हात लावायचा नाही

ही पायरी सगळ्यांत मोठी समजा. कोकणात खाण्याजोगी आणि जीवघेणी झाडं एकाच गडग्याला लागून वाढतात.

कण्हेर पूर्ण विषारी आहे, पान, फूल, देठ, सगळं. तिचा परिणाम थेट हृदयावर होतो. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीही तशीच. धोतरा, रुई, सदाफुली, घाणेरी यांतलं काहीही पेल्यात जाता कामा नये. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी दिसायला इतकी देखणी असते की पाहुण्यांचा हात तिच्याकडे जातोच. तिचा कंद तर फारच घातक. रातराणीबद्दल मुद्दाम सांगते, कारण तिच्या वासामुळे ती मोगऱ्या-जाईच्या घरातली वाटते. तिचं त्यांच्याशी काही नातं नाही, आणि ती विषारी आहे. देवचाफ्याच्या देठातून चीक येतो, तोही नको.

अबोली, सुरंगी आणि बकुळ ही आपल्याकडे माळायची फुलं आहेत. त्यांना तिथेच राहू द्यावं. शिमग्याच्या सुमारास सुरंगीचा वळेसर मिळाला तर तो टेबलावर पेल्यांच्या मध्ये ठेवा. वास आपोआप प्रत्येक घोटाबरोबर येतो.

झाड नावानिशी ओळखता येत नसेल तर ते पेल्यात घालायचं नाही, एवढा नियम पक्का धरा. रंगावरून किंवा मोबाइलमधल्या ॲपवरून ठरवू नका. घरात आजी असेल तर तिला विचारा, नसेल तर शेजारच्या काकूंना. त्यांना झाड माहीत असतं आणि त्याचं काय खातात हेही.

आता ज्यांच्यावर निर्धास्त भिस्त ठेवता येईल ती झाडं. फुलांमध्ये पाच पाकळ्यांची गावठी लाल जास्वंद, निळी गोकर्ण, मोगरा आणि वासाचा गावठी गुलाब. पानांमध्ये गवती चहा, पुदिना, पानओवा, सब्जा, दालचिनीचं पान आणि श्रावणात पातोळ्यांसाठी तोडतो ते हळदीचं पान. मसाल्यात ओली मिरी आणि त्रिफळ, म्हणजे माशाच्या कालवणात घालतो ते तिरफळ. आंबटासाठी लिंबू, आमसूल, कैरी. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

तुळशीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. वृंदावनातल्या तुळशीची पानं दारूत घालणं बहुतेक घरांत रुचणार नाही, आणि मलाही ते पटत नाही. तिच्या जागी सब्ज्याचं रोप लावा. सब्जा तुळशीच्याच कुळातला. पानं जरा मोठी, गोडसर, बडीशेपेकडे झुकणाऱ्या वासाची. पेयात ती तुळशीपेक्षा चांगली बसतात, कारण तुळशीचा तिखटपणा लिंबाशी भांडतो आणि सब्ज्याचा गोडवा त्याला सांभाळून घेतो.

ओळखीचं झाड मिळालं तरी ते कशावर वाढलंय ते बघा. न्हाणीच्या सांडपाण्यावर पुदिना माजतो खरा, पण साबणाच्या पाण्यावर वाढलेली पानं कच्ची पोटात घालायची नाहीत. कॉकटेलसाठीचा पुदिना कुंडीत, स्वच्छ पाण्यावर वेगळा लावा.

दुसरी गोष्ट आपल्या किनारपट्टीपुरती, आणि ती बाहेरून येऊन राहिलेल्यांना बऱ्याचदा माहीत नसते. हापूसच्या कलमांवर मोहोराच्या आधीपासून तुडतुडे, भुरी आणि करपा यांसाठी फवारण्या सुरू होतात आणि फळ धरेपर्यंत, काही बागांत त्याच्या पुढेही, त्या चालू राहतात. वारा असला की ते औषध कुंपणाबाहेर येतं. घर कलमांच्या बागेला लागून असेल तर साधारण डिसेंबर ते मार्च त्या बाजूची फुलं-पानं तोडू नका. काही औषधं झाडाच्या आत शिरतात आणि धुऊन जात नाहीत. शेजारच्या बागायतदारांना फवारणीचे दिवस विचारून घ्यावेत. ते आनंदाने सांगतात. याच कारणाने हारवाल्याकडचा गुलाब आणि दसऱ्याला बाजारात आलेला झेंडू पेल्यासाठी वापरायचा नाही. ती फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात.

दुसरी पायरी: तोडणं आणि साफ करणं

जास्वंद एका दिवसाची पाहुणी. सकाळी पूर्ण उमलली की तोडा, संध्याकाळी ती मिटून मलूल होते. गोकर्णही सकाळीच. मोगरा उलट: संध्याकाळी टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र झालेल्या कळ्या तोडायच्या, त्या रात्री उमलतात आणि वास तेव्हाच देतात. पावसाची झड लागली असेल तेव्हा तोडलेल्या पाना-फुलांना वास कमी असतो. एक-दोन दिवस उघडीप मिळाली की मग तोडा. तेवढ्याने फरक पडतो.

गवती चहाची पात हाताने ओढू नका, कडा ब्लेडसारख्या असतात. विळ्याने बुडाशी कापा. हिरव्या पातीपेक्षा बुडाचा पांढरट दांडा जास्त वासाचा असतो, म्हणून चहाला नुसती पात चालते पण पाकाला दोन-तीन दांडे हवेतच.

जास्वंदीचा देठ, हिरवी बाह्यदलं आणि मधला परागांचा तुरा काढून फक्त पाकळ्या घ्या. गोकर्णीची हिरवी टोपी खुडून टाका, नाहीतर पेयाला गवताचा वास येतो. गुलाबाच्या पाकळीचं बुडाचं पांढरं टोक कडू असतं, ते कात्रीने उडवा. परागांची ॲलर्जी असलेल्यांनी फुलांच्या वाटेला जपूनच जावं.

फुलात मुंग्या असतातच. फूल उलटं धरून टिचकी मारा, मग चिमूटभर मीठ घातलेल्या गार पाण्यात पाच मिनिटं ठेवा, साध्या पाण्यातून काढा आणि स्वच्छ पंचावर पसरा. मोगरा मात्र पाण्यात बुडवू नका. झटकून, निवडून घ्या.

तिसरी पायरी: गुण उतरवणं

आधी साधा पाक. एक वाटी साखर, एक वाटी पाणी. साखर विरघळली की गॅस बंद. लाडवांसाठी करतो तसा एकतारी होऊ द्यायचा नाही, कारण घट्ट पाक गार पेयात तळाशी बसतो आणि ढवळूनही मिसळत नाही.

गवती चहाचा पाक हा पहिला करून बघावा असा. आठ-दहा पाती गाठ मारून आणि दोन-तीन दांडे वरवंट्याने ठेचून पाण्यात घाला, पाच मिनिटं उकळा, झाकण ठेवून वीस मिनिटं मुरू द्या, गाळा आणि मग साखर घाला. साखर आधी घातली तर पाणी जड होतं आणि वास नीट उतरत नाही. परसात दालचिनी असेल तर उकळताना तिचं एक पान घाला, एकच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेली ‘कोकण तेज’ ही जात आता बऱ्याच वाड्यांत आहे. सालीसाठी झाड मोठं होण्याची वाट बघावी लागते, पानं त्याच्या कितीतरी आधी हाताशी येतात. हा पाक फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो.

जास्वंदीला उकळी चालत नाही. तिच्या पाकळ्यांत चिकट रस असतो, फार तापवलं किंवा पिळलं की पाणी बुळबुळीत होतं. एक वाटी पाणी उकळून गॅस बंद करा, दहा-बारा फुलांच्या पाकळ्या त्यात बुडवा, दहा मिनिटांनी न पिळता गाळा. पाणी काळपट जांभळं दिसेल, रंग बिघडला असं वाटेल. त्यात अर्धं लिंबू पिळा: क्षणात लालभडक. मग साखर. जो थोडा चिकटपणा उतरतो तो उपयोगाचा आहे. शेकरमध्ये हलवल्यावर पेयावर त्याचा छान फेस येतो.

मोगऱ्यासाठी आग लागतच नाही, आणि माझ्या मते या सगळ्यांत सुंदर काम हेच. संध्याकाळी एका घट्ट झाकणाच्या डब्यात साखरेचा थर, त्यावर कळ्या, पुन्हा साखर असे थर लावा आणि डबा रात्रभर सावलीत ठेवा. कळ्या आत उमलतात आणि साखर वास धरते. सकाळी फुलं चाळून काढा. दुपारपर्यंत ठेवली तर ती करपट पिवळी होतात आणि शिळा वास साखरेत जातो. संध्याकाळी ताज्या कळ्या घाला. असं दोन-तीन रात्री केलं की साखरेला असा वास लागतो की डबा उघडताच माजघरात कळतं. साखर थोडी ओलसर होईल, त्याने काही बिघडत नाही. पाक करतानाही ती गरम पाण्यात नको, गार पाण्यात ढवळत विरघळवा. वेळ लागतो, लागू द्या.

गोकर्णीला चव जवळजवळ नसते. तिला मान रंगाचा. दोनशे मिली जिनमध्ये पंधरा ताजी किंवा दहा सुकी फुलं टाकून तासभर ठेवा, गडद निळी झाली की गाळा. जास्त वेळ ठेवून निळेपण फारसं वाढत नाही, पाल्याचा वास मात्र येतो. लिंबू पडलं की हा निळा जांभळा होतो आणि लिंबू वाढवलं की गुलाबीकडे जातो. गोकर्ण, जास्वंद आणि कोकम, तिघांच्याही रंगामागे अँथोसायनिन गटातली द्रव्यं आहेत. ती आंबटपणाप्रमाणे रंग बदलतात, म्हणून लिंबू कधी घालायचं यावर तुमचा पेला कसा दिसेल ते ठरतं. टॉनिक वॉटरमध्येही आम्ल असतं. निळ्या जिनमध्ये ते ओतलं की लिंबाशिवायच रंग जांभळ्याकडे वळतो.

दारू वास पाण्यापेक्षा लवकर ओढते, म्हणून तिच्यात काही मुरवताना तासातासाला चव घ्या. त्रिफळाची चार-पाच सालं, आतलं काळं बी काढून, दोनशे मिली व्होडकात दोन-तीन तास ठेवली तरी पुरतात. बांगड्याच्या तिखल्यात जिभेला जी झिणझिणी येते, तीच इथे येते. रात्रभर ठेवलं तर दुसरी कुठलीच चव उरत नाही.

पुदिना आणि सब्जा यांना शिजवायचं नाही, मुरवायचं नाही, कुटायचं तर मुळीच नाही. आठ-दहा पानं एका तळहातावर ठेवा आणि दुसऱ्याने टाळी वाजवा. पानावरच्या बारीक ग्रंथी तेवढ्याने फुटतात. खलबत्त्यात घातलं की पानातला हिरवा कडवटपणा बाहेर येतो आणि दातात चोथा अडकतो. पानओवा जाड आणि जबर. एका पेल्याला अर्धं पान, हाताने तोडून.

राहिलं कोकम. त्याची तीन रूपं तिन्ही वेगळी वागतात, आणि नवख्यांचा पेला बहुधा इथेच खारट होतो. आगळ म्हणजे मीठ घातलेला दाट रस, तो सोलकढीचा. अमृत कोकम म्हणजे साखरेतला रस. तो घातला तर वेगळा पाक घालायचा नाही. आमसूल म्हणजे सुकवलेली साल. सुरुवात आमसुलाने करा: सात-आठ आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची आणि गाळायची. हे कोकमाचं पाणी ताब्यात राहतं. एप्रिल-मेमध्ये ताजे रातांबे मिळाले तर सालं आणि साखर थराथराने बरणीत भरून उन्हात ठेवा. वर्षभराचं अमृत कोकम घरी होतं.

एक सूचना पावसाळ्यासाठी. जून-जुलैत वीज दिवस-दिवस जाते आणि फ्रिजवर भरवसा राहत नाही. त्या दिवसांत पाक दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी असा करा, बाटली उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करा आणि पेल्यात पाक साधारण एक तृतीयांश कमी घाला. दमट हवेत फुलं सुकत नाहीत, बुरशी धरतात. गोकर्ण सुकवायची तर दसऱ्यानंतर, सावलीत, पातळ थरात.

चौथी पायरी: माप, बर्फ, हलवणं

महागडं सामान नको. मापाला खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मिलीच्या खुणांचं टोपण उत्तम. शेकर म्हणून घट्ट झाकणाची रुंद तोंडाची स्टीलची बाटली, गाळायला चहाची गाळणी.

बर्फाकडे मात्र लक्ष द्या. मासळीसाठी कारखान्यातून येणारा लादीचा बर्फ पिण्यासाठी नसतो, तो पेल्यात कधीही नको. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ लागतं आणि बर्फातही ती चव राहते. पिण्याचं गोडं पाणी उकळून, गाळून त्याचा बर्फ लावा. ट्रेमधल्या लहान खड्यांऐवजी स्टीलच्या वाट्यांत मोठे खडे लावले तर आपल्या हवेत ते जास्त वेळ टिकतात. ग्लासही तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवा.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: ६० मिली दारू, २५ मिली आंबट, २० मिली गोड. नवख्यांनी दारू ४५ वर ठेवावी. वास आणि चव तेव्हा जास्त मोकळी लागते. रसाळ लिंबू असेल तर एका लिंबात २० ते २५ मिली रस निघतो. चिमूटभर मीठ जवळजवळ प्रत्येक पेल्याला हवं, त्याने फुलाचा वास उठून येतो. लिंबाचा रस असेल ते पेय बर्फाबरोबर बाटलीत जोरात हलवायचं, बाहेरून बाटली हाताला बोचायला लागेपर्यंत, म्हणजे १२ ते १५ सेकंद. सोडा बाटलीत कधीच घालायचा नाही, झाकण उडेल. तो शेवटी ग्लासात.

पाचवी पायरी: चार पेले

*गोकर्ण आणि गवती चहा.* उंच ग्लासात गवती चहाचा पाक २० मिली आणि लिंबाचा रस २० मिली मिसळा, ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, ९० मिली सोडा ओता. आता निळी जिन ४५ मिली चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडा. दारू हलकी म्हणून वर तरंगते आणि पाक जड म्हणून खाली राहतो. मधे जांभळी रेघ उमटते. ढवळायचं ते पिणाऱ्याने. जिन भारतीयच घ्या म्हणेन. गोव्यात २०१७ च्या सुमारास ‘ग्रेटर दॅन’ आली, पुढच्याच वर्षी ‘स्ट्रेंजर अँड सन्स’, आणि आपल्या लिंबा-मसाल्यांच्या वासाशी जुळणाऱ्या जिन सहज मिळू लागल्या.

*जास्वंद.* व्हाइट रम ४५ मिली, लिंबाचा रस २० मिली, जास्वंदीचा पाक २५ मिली, मीठ. बर्फ घालून जोरात हलवा, गाळून छोट्या गार ग्लासात ओता. वर फेस आला पाहिजे. आला नाही तर कमी हलवलंत. याला वरून काहीच सजावट नको, रंग पुरेसा बोलतो. तिखट आवडत असेल तर रमऐवजी त्रिफळाची व्होडका.

*मोगरा आणि शहाळं.* जिन किंवा व्होडका ४५ मिली, ताज्या शहाळ्याचं पाणी ९० मिली, मोगऱ्याचा पाक १५ मिली, लिंबाचे पाच-सहा थेंब. यात लिंबू नावापुरतं, म्हणून हलवायचं नाही. ग्लासात बर्फावर अर्धा मिनिट चमच्याने फिरवा. सोडा नको, टॉनिक नको, पुदिना नको. मोगरा हळवा असतो आणि शहाळ्याची चव त्याहून हळवी, तिसरं कोणी आलं की दोघं गप्प होतात. शहाळं फोडल्यावर पाणी लगेच वापरा.

*कोकम आणि फेणी.* काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर काढतात. पहिल्या धारेचा सौम्य तो उराक, पुन्हा काढली की फेणी. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास अंगावर येणारा, आणि म्हणूनच तिला तोलामोलाचा जोडीदार लागतो. फेणी ४५ मिली, आमसुलाचं पाणी ६० मिली, गवती चहाचा पाक २५ मिली, सब्ज्याची टाळी वाजवलेली पाच-सहा पानं, सैंधव. हलवून बर्फाच्या ग्लासात गाळा, थोडा सोडा, आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची. लिंबू घालू नका, कोकमाचा आंबटपणा तेवढा आहे. फेणी जिथे रीतसर मिळते तिथे हे करा. नाहीतर व्हाइट रमवरही चांगलं होतं. मार्च ते मेमध्ये गोव्यात असाल तर उराक, लिम्का, लिंबू, मीठ आणि मिरची ही तिथली रीत चाखा आणि त्यात ठेचलेला गवती चहाचा एक दांडा घालून बघा.

ज्यांना दारू नको त्यांच्यासाठी वेगळा खटाटोप लागत नाही. वरच्या कृतींत दारू काढून तेवढं शहाळ्याचं पाणी किंवा सोडा घाला आणि पाक पाच मिली कमी करा. दारूचा कडवटपणा गेला की गोड जास्त लागतं. निळा रंग हवा असेल तर गोकर्णीची फुलं जिनऐवजी कोमट पाण्यात भिजवा. गरोदर बाईने जास्वंदीचं सरबतही टाळावं. नेहमीची औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारूचे पेले घेऊ नयेत. आणि गोड पेयात दारू कळत नाही, म्हणून यजमानाने मोजून द्यावं, मधे पाणी द्यावं, रात्री घाट उतरायचा असेल त्या पाहुण्याला बिनदारूचाच पेला द्यावा.

परसात यातलं काही नसेल तर लावायला मिरगासारखा मुहूर्त नाही. गवती चहाचं थोंब शेजाऱ्यांकडून फोडून घ्या आणि पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर लावा. पानओव्याची आणि पुदिन्याची काडी खोचली की लागते, पण पुदिना पागोळीखाली ठेवू नका, मुसळधार पावसात कुजतो. जास्वंदीची बोटाएवढी जाड फांदी तिरकी कापून लावा. गोकर्णीचं बी कडक असतं, रात्रभर पाण्यात भिजवून पेरा आणि चढायला काठी द्या. दोनेक महिन्यांत, गणपतीच्या सुमारास फुलायला लागते. मोगऱ्याचं रोप नर्सरीतून आणलंत तर आधीची फवारणी निघून जावी म्हणून पहिला बहर देवाला वाहा, पेल्यासाठी पुढचा घ्या.